पाठ लागलेली घोडी

आबा, मी घोड्याच्या कामाला लागले. तुम्ही असता तर विचारलं असतं, "कुणाची वरात हाय?" वरात नाही. वडीगोद्रीच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की मोसंबीच्या बागेत एकानं कृषी पर्यटन काढलंय. शहरातली माणसं येतात, चुलीवरची भाकरी खातात, आणि मी त्यांना घोड्यांवर बसवून बागेतून, कालव्याच्या कडेनं टेकडीपर्यंत नेऊन आणते. दिवाळी ते होळी एवढंच काम, ऊन तापलं की बंद. बियाण्याच्या कंपनीतलं माझं पॅकिंगचं काम सुटल्तं. मालकाला बाईच पाहिजे होती, पोरीबाळी बाईसोबत बिनधास्त बसतात म्हणून. मला वाटलं, तुम्ही कुंडलिका नदीच्या वाळूत घोडं हाकायला शिकवलेलं एकदाचं कामी आलं.

पहिल्या सकाळी मालकानं हातात नऊवारी, फेटा आणि दाबायची नथ ठेवली. "घोडं चालवायचंय का लग्नात उभं राहायचंय?" मी म्हणाले. "ताई, लोकं फोटो काढतेत," तो म्हणाला. नाकाला चिमटा लावून मी आरशात पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग तबेल्यात गेले. तिथं एक पांढरी घोडी होती, पाठीवर आरशांची झूल. तुमची सवय अंगात राहिलीय, जीन कसायच्या आधी मी झुलीखाली हात घातला. बोटं ओली झाली. झूल उचलली तर तळहाताएवढी जखम, पू, त्यात झुलीचे लाल धागे चिकटलेले, आणि कुजका वास.

"हिची पाठ लागलीय," मी म्हणाले.

"म्हाईतंय मला," मालक म्हणाला. "वरून दिसत न्हाई ना? मंग? पांढरी एकच हाय, आन् समद्यांना पांढरीच पायजे. जल्दी करा, पाव्हणे आलेत."

पू धुऊन निघतो, आबा. मालकाचा तो थंड आवाज दिवसभर माझ्या अंगाला चिकटून राहिला.

मला मस्तगड भागातली ती वरात आठवली. मी लहान आहे, तुमच्या सदऱ्याला धरून चालतेय. नवरदेवाचा भाऊ आपल्या घोडीच्या पायाशी फटाक्यांची माळ लावतो. तुम्ही म्हणता, "दादा, नका करू, ती बुजती." तो हसतो आणि दुसरी माळ लावतो. तुम्ही लगाम धरता, वर बघता आणि साध्या आवाजात म्हणता, "नवरदेव, उतरा खाली." बँड थांबतो. शिव्या सुरू होतात. तुम्ही घोडी घेऊन चालू लागता आणि नवरदेव पायी मांडवात जातो. घरी आई म्हणाली, "आता कोण बोलवंल आपल्याला?" तुम्ही घोडीचे पाय चोळत म्हणालात, "न बोलवू दे." मी मात्र रुसून बसलेली, कारण माझी जिलेबी गेल्ती.

मी त्या दिवशी पांढरीला नेणार नाही म्हणाले. मालकानं स्वतःच जीन कसली, एका जाडजूड पाहुण्याला वर बसवलं आणि लगाम माझ्या हातात दिला. कालव्यापर्यंत तो माणूस व्हिडिओ काढत होता, टाचा मारत होता. "अहो, पळवा ना हिला!" घोडी पाठ आत ओढून घेऊन चालत होती. मी थांबले. "साहेब, उतरा खाली." तो उतरला. मी सगळ्यांसमोर जीन सोडली, झूल काढली. मला वाटलं, आता यांच्या माना खाली जातील.

त्याची बायको ओढणी नाकाला लावून म्हणाली, "शी! ह्याच्यावर बसवतात?" तो माणूस वळून वळून स्वतःची पँट बघायला लागला. "बघ गं, लागलंय का काही." कुणीतरी सॅनिटायझर काढलं आणि सगळ्यांनी हात पुढे केले. घोडीच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही. "आम्हाला दुसरं द्या," बाई म्हणाली, "स्वच्छ असलेलं." आबा, तिथंच कालव्याच्या कडेला जाऊन मी ओकले. जखमेनं नाही, त्या पुढे केलेल्या हातांनी.

परतल्यावर त्यांनी मालकाला फार सुनावलं. जखमेबद्दल नाही, घाणीबद्दल. मालकानं घाबरून घोडी मागच्या शेडात बांधली. म्हणजे तिला आराम मिळाला तो असा. मी रोज कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं जखम धुते, हळद-तेल लावते. आता गुलाबी चामडी धरतेय, कडेनं बारीक केस आलेत. परवा मालकानं झूल टाकून पाहिली आणि म्हणाला, "झाली की बराबर. रविवारी काढू हिला."

ती बरी झालेली नाही. ओझं टाकलं की पुन्हा फुटेल. मी वाद घातला, त्यानं ऐकलं नाही. मग रविवारी मी नथ लावून, हसून, तिच्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "हिला चामडीचा रोग हाय, माणसाला लागतो. माझं नाव सांगू नका." दिवसभर तिच्यावर कुणी बसलं नाही. संध्याकाळी मालकानंच तिला शेडात नेलं.

तुम्ही गिऱ्हाईकाला घोडीचं वयसुद्धा कधी कमी करून सांगितलं नाही. होळीपर्यंत मी दर रविवारी हेच खोटं बोलणार आहे. तुम्हाला पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी हे पाठवलं नसतं. कारण ती माणसं दचकून मागं सरतात, हात कपड्याला पुसतात, तेव्हा मला घोडीची काळजी आठवत नाही, आबा. मला नुसती मजा वाटते.