दंडाला बांधलेले कान

३ ऑगस्ट, सोमवार
दार वाजलं आणि मला कळलं! मला! तापात कान गेले त्याला अकरा वर्षं झाली. पार्सलवाला नेहमी दार बडवून बडवून परत जातो — आज त्याने हात खाली घ्यायच्या आत मी हजर! बघतच राहिला बिचारा.

लेकीने काल फोनमध्ये एक सोय सुरू करून दिलीय. घरात आवाज झाला की फोन ओळखतो, थरथरतो, लिहून दाखवतो. ‘दार वाजतंय.’ ‘पाणी वाहतंय.’ ‘बाळ रडतंय.’ खरी गरज या तिसऱ्याची! बाळंतपणाला आलेली लेक पुढच्या सोमवारी कामावर रुजू होणार. ठमी — माझी नात, साडेचार महिन्यांची, आवाज म्हणे भोंग्यासारखा — माझ्याकडे राहणार की पाळणाघरात, ते शनिवारी ठरेल. परीक्षा आहे माझी! लेकीने शिवणाच्या खडूने टेबलावर लिहिलं, “आई, रागावू नकोस. खात्री करायला हवी.” रागावू कशाला?

४ ऑगस्ट
‘कुत्रा भुंकतोय.’ घरभर शोधला. हे शिंकले होते! हसून हसून पुरेवाट. हे दुपारपर्यंत फुगून.

५ ऑगस्ट
‘पाणी वाहतंय’ — तीनदा! तिन्ही वेळा नळ ह्यांनीच उघडा टाकलेला. “मी बंद केला होता” असं आजवर छातीठोकपणे सांगत आलेत. आता बोला! “घरभेदी आहे हा फोन,” म्हणाले. ओठ वाचले मी.

८ ऑगस्ट, शनिवार
नापास.

शाळेचे गणवेश घेऊन मशीनवर बसले होते. फोन मशीनच्या फळीवर. मान वर केली तर दारात लेक, कडेवर ठमी, रडून लालबुंद. फोनवर ओळीने चारदा — बाळ रडतंय. त्याने इमानेइतबारे सांगितलं! पण मशीन चालू असताना फळीवरचं सगळंच थरथरतं. कात्री, बॉबिनं, चहाचा कप. त्यात फोनची थरथर कुठली कळायला? इतकी वर्षं शिवतेय आणि एवढं डोक्यात येऊ नये! लेक ठमीला थोपटत आत निघून गेली. तेच लागलं.

९ ऑगस्ट, रविवार
सुचलं! फोन फळीवर नको, अंगावर हवा! जुन्या जीन्सचा कप्पा शिवला, रुंद इलॅस्टिक लावलं, डाव्या दंडात चढवला. मशीनची थरथर पायाला, फोनची दंडाला — अगदी वेगळी!

“पुन्हा घे परीक्षा,” लेकीला म्हटलं. “न सांगता घे.”

दिवसभरात ठमीने पाचदा भोकाड पसरलं. पाचही वेळा मशीन सोडून पाळण्यापाशी मी आधी! ह्यांनी टाळ्या वाजवल्या तर फोन म्हणतो — दार वाजतंय! लेकीने खडूने टेबलभर लिहिलं, “पास.” ते पुसायचं नाही म्हणून सगळ्यांना बजावलंय. उद्यापासून ठमी माझी! माझी!!

१० ऑगस्ट, सोमवार, सकाळ
दंड थरथरला. बाळ रडतंय. ठमी तर माझ्या मांडीवर, गाढ झोपलेली. चुकला वाटतं, म्हणून हसले. पुन्हा थरथरला.

तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले. लेक ओट्यापाशी, कामाला निघालेली, खांद्याला पर्स, माझ्याकडे पाठ, आणि ती पाठ गदगदतेय. पंधरा वर्षांची असल्यापासून अशीच उभी राहते. मला वाटायचं, भांडी घासतेय.