पत्रावळ हातात असेपर्यंत

५ जानेवारी १९६४, रविवार

आजही पार पाहुण्यांनी भरलेला! सरोवर पाहून वर आले की एस.टी. सुटेपर्यंत सगळे सिंधूताईकडे. पिंपळाच्या पाराशी तिची चूल — वांग्याचं भरीत आणि गरम भाकर. काही जण तर म्हणे आता भरितासाठीच लोणारला येतात, सरोवर राहिलं तरी चालतं!

एरवी पारावर बसणारे पुंजाजीबुवा आणि त्यांची म्हातारी मंडळी आज देवळाच्या भिंतीशी उभी. "आपला पार गेला ना बे!"

मला हसूच आलं. त्यांचा गेला. आमचा होता कधी? लग्न होऊन आले तेव्हापासून या पिंपळाला पाणी घालते, फेऱ्या मारते. पण टेकायचं नाही. बायकांनी पारावर बसायचं नसतं — बस्स.

आज अकोल्याच्या बायका मात्र खुशाल मांडी घालून जेवत होत्या. कोणी चकार शब्द काढला नाही. फार हेवा वाटला.

७ जानेवारी

जाता-येता लक्ष पाराकडेच. वेडी कुठली!

१२ जानेवारी, रविवार

बसले!!

भाजीला गेले होते. सिंधूताईनं हाक मारली — "ये वं कोकिळे, भरीत खाऊन पाह्य." पत्रावळ दिली आणि पाराकडे बोट केलं. मी कशी बसू म्हटलं, तर म्हणे, "पत्रावळ हातात हाये तोवर तू बी पाव्हणीच. कोन उठोते तुले?"

खरंच कोणी उठवलं नाही. भरीत झणझणीत! पारावरून बाजाराची गल्ली पार टोकापर्यंत दिसते. ही माणसं रोज हे बघत बसतात होय! भाकर संपली तरी रिकामी पत्रावळ धरून बसले.

ह्यांना सांगून टाकलं. "घरी भाकर भेटत नाही काय तुले?" म्हणाले आणि हसले. सुटले बाई!

१९ जानेवारी, रविवार

शेजारच्या सत्यभामाबाईंना घेऊन गेले. दोघींत एकच पत्रावळ. कुणी त्यांच्याकडे पाहिलं की पत्रावळ माझ्याकडून त्यांच्याकडे! हसून हसून ठसका लागला.

२३ जानेवारी, गुरुवार

आज पाहुणे नाहीत, चूल नाही. गिरणीवरून येताना दळणाचा डबा पारावर टेकवला, शेजारी मीही टेकले. हात रिकामे आहेत हे बसल्यावर लक्षात आलं — आणि समोरून पुंजाजीबुवा! पदर सावरून उठायला लागले.

"उठते काऊन? थोडी सरक."

सरकले.