आईपेशीवरचे वण

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

हे गेले, त्यानंतरच्या एका सकाळी तू माझी भांडी घासलीस, पाणी भरलंस आणि कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "मला काही होत नाही."

सोमवारी ते आठवलं. मी ज्या प्रयोगशाळेत काचसामान धुते, तिथल्या बाई यीस्टचं, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीचं, म्हातारपण अभ्यासतात. आईपेशीला लेक, म्हणजे नवी पेशी, फुटली की ती बारीक सुईने बाजूला करतात. प्रत्येक लेकीचा वण आईवर राहतो. लेक मात्र कोरी. एक जनुक काढलं तर आई जास्त जगते, पण वाढ मंदावते.

"आणि आई दमल्यावर?" मी विचारलं.

"आधी लेकी व्हायच्या थांबतात. मग जाते."

हात सोलवटलेत, बाकी मी बरी आहे. तुझी कंबर कशी आहे? खरं सांग.

मंगळवारी मी तुझ्याकडे यायला महिनाभराची रजा मागून घेतली.

तुझी लेक