होळीपुढचं इंग्रजी

कडाव,
फाल्गुन शुद्ध पंचमी

चिरंजीव गजास थोरल्या भावाचे, तू घेशील तेवढे, आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माझा गुडघा दुखतो आणि तुझी वहिनी माझ्याशी जेवणापुरतंच बोलते, तेवढं सोडलं तर खरोखरच बरे आहोत. तुझी पाठ कशी आहे? मोहोपाड्याला कंपनीत अजून रात्रपाळी लावतात का? वर्ष होत आलं, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे सगळं पत्रात विचारावं लागतं. (तुझ्या निशिगंधाला तुझी खुशाली विचारली की ती 'ठीक' एवढंच लिहून पाठवते. इंग्रजीच्या मास्तरची पुतणी असून.)

माझं काय चुकलं ते सविस्तर सांगतो. आपल्या गावात शिमग्याला ज्याच्या पोटात ज्याच्याबद्दल काही असेल, त्याने ते होळीपुढे नाव घेऊन ओरडायचं. ज्याचं नाव घेतलं त्याने उलट ओरडायचं आणि सकाळी एकमेकांच्या कपाळाला राख लावली की विषय संपला. बांधावरून कोर्टात निघालेली माणसं त्या राखेने घरी परतलेली मी पाहिली आहेत. गेल्या शिमग्याआधी आईचं वर्षश्राद्ध झालं होतं आणि माझ्या पोटात तुझ्याबद्दल होतं. तिच्या छातीत कळ आली तेव्हा तू रजेवर घरी आला होतास, मी कर्जतला होतो. तिला दवाखान्यात न्यायचं सोडून तू तासभर माझी वाट बघत बसलास, असं माझं म्हणणं होतं.

आता एकतीस वर्षं पोरांना 'सभ्य बोला' म्हणून छड्या मारलेल्या माणसाने बोंब कशी मारावी? मला मराठीत शिवी येत नाही असं नाही (वहिनीला विचार), पण चारचौघांत लाज वाटली. म्हणून माथेरानच्या एका बंगल्याच्या रद्दीतून आणलेला तो डिक्शनरीचा ठोकळा काढला. त्यात दोषारोपाचे असे शब्द आहेत की खुद्द इंग्रजांनी ते कधीच टाकून दिलेत. ॲपीच, म्हणजे आरोप ठेवणे. एक्सप्रोब्रेट, म्हणजे तोंडावर दोष काढणे. एडवाइट, म्हणजे बोल लावून हिणवणे. मला ते फार आवडले. एवढे जुने शब्द कुणाला लागणार नाहीत आणि माझं मन मात्र हलकं होईल, असं वाटलं.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं. मी 'गजानन, आय ॲपीच दी' अशी सुरुवात केली आणि पाच मिनिटं थांबलो नाही. कमळ्याने मधूनमधून ढोल दिला. सणानिमित्त इंग्रजीतून मार्गदर्शन केल्याबद्दल सरपंचांनी आभार मानले. टाळी सगळ्यांत आधी तू वाजवलीस. थोरल्या भावाने भर गावात आपलं नाव इंग्रजीतून घेतलं म्हणून तुझा चेहरा असा फुलला होता, की मला होळीत उडी मारावीशी वाटली. सकाळी राख लावायला आलो तर तू वाकून माझ्याच पाया पडलास. त्या राखेचा उपयोग काय? जे तुला कळलंच नाही, त्याच्यावर तू उलट काय ओरडणार आणि माफ तरी काय करणार?

मग माझ्या बोलण्याचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ तू कंपनीत कौतुकाने दाखवलास आणि कुणीतरी अर्थ विचारला. निशिगंधाने कॉलेजच्या लायब्ररीत बसून एकेक अर्थ शोधून वहीत उतरवला. (पोरीची चिकाटी माझ्यावर गेली आहे. त्याचा मला तेव्हा प्रथमच अभिमान वाटला नाही.) पाडव्याला तू आलास, श्रीखंडाचा डबा ओटीवर ठेवलास, चहाला नको म्हणालास आणि जाताना एवढंच बोललास, "दादा, आपल्या भाषेत बोलला असतास तं मी तितंच रडलो असतो. आता कुटं रडू?"

तू गेलास. घरात करमत नाही, गजा. आई गेली तेव्हा एक माणूस गेलं होतं, आता दोन गेल्यासारखी वाटतात.

बाकी क्षेम. पाठीला शेक घेत जा.

तुझा,
दादा

ता. क. होळी दहा दिवसांवर आली आहे. यंदा ये. मी काहीही बोलणार नाही, वहिनीला तसा शब्द दिला आहे.

ता. क. दुसरा. तू वाट बघत बसला होतास, हे वर लिहिलेलं खोटं आहे. गाडी दारातच उभी होती, पण तिची चावी माझ्या खिशात होती आणि टेंपो मिळेपर्यंत तू मला फोन लावत होतास. मी कर्जतच्या एका शाळेत इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक होतो, मोबाईलचा आवाज बंद करून बसलो होतो. तुझे अकरा कॉल मी संध्याकाळी पाहिले. हे मी आजवर कुणाला, वहिनीलाही, सांगितलेलं नाही. तुला ठाऊक होतं, तरी तूही कुणाला सांगितलं नाहीस, पाडव्यालासुद्धा नाही. म्हणून ये. होळीपुढे माझं नाव घे आणि ते अकरा कॉल ओरडून सांग, आपल्या भाषेत, गावातल्या शेवटच्या म्हातारीला कळेल असं. मला उलट ओरडायचं काही नाही.