सहा शिसवी खुर्च्या

३ नोव्हेंबर १९२९
नागपूरहून परत. वकीलसाहेबांच्या बंगल्यात शिसवी डायनिंग टेबल पाहिलं, सोबत सहा खुर्च्या. काळंभोर, तुकतुकीत, तोंड दिसतं त्यात. वकील आत गेले तेवढ्यात गाल टेकवून पाहिला. थंडगार. गोंदियापर्यंत डोळ्यांसमोर तेच.

४ नोव्हेंबर
विचार पक्का. दरवर्षी डेप्युटी कमिशनर साहेब टूरवर येतात. आपल्या तळ्यावर शिसवाच्या सावलीत त्यांचा तंबू लागतो आणि मी, या गावचा मालगुजार, त्यांच्यासमोर हात बांधून उभा. शेजारच्या गावचा मालगुजार दुलीचंद, तोही उभाच, एवढंच समाधान. साहेबाने खुर्ची दिली की माणूस कुर्सीनशीन होतो. मग टायटल मागोमाग येतंच. पण घर माझं, खुर्ची माझी असेल तर मला बसू नको म्हणणार कोण? हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

९ नोव्हेंबर
जबलपूरचे श्यामलाल मिस्त्री आले. म्हणाले, ऐसा सेट बनाऊंगा की लाटसाहब भी मांगेगा. लाकूड कुठलं, विचारलं. तळ्यावर नेलं. आजोबांनी लावलेली चार झाडं. मिस्त्रींनी प्रत्येक खोडावरून हात फिरवला. मलाच गहिवरून आलं.

१० नोव्हेंबर, सकाळ
धुरपता म्हणते, झाडं कायले तोडून राहिले? मंग साहेबाचा तंबू कोठं लागन? बायकोला एवढंच दिसतं. साहेब घरात खुर्चीवर बसल्यावर तंबू हवाच कशाला?

दुपार
पहिलं झाड पडलं. बगळे बराच वेळ वर फिरत होते. जरा वाईट वाटलं. चहा घेतल्यावर बरं वाटलं.

२ डिसेंबर
एका झाडात भागेल असा अंदाज होता. पहिलं आतून पोकळ निघालं. दुसऱ्यात टेबल, तिसऱ्यात खुर्च्या. चौथं कशाला, ते मिस्त्रींनी समजावून सांगितलं. तेव्हा पटलं होतं. लाकूड ओलं आहे, वर्षभर वाळू द्यावं, असंही ते पुटपुटले. साहेबांची टूर वर्षभर थांबते का?
एक बैलजोडी विकली. नांगरणीला अजून खूप वेळ आहे.

१९ जानेवारी १९३०
सेट तयार! दरवाजा मोडून आत घेतला. जागा करायला घरातल्या सगळ्या खाटा गडी मंगरूला देऊन टाकल्या. आम्ही जेवतो खालीच. टेबलावर वरण सांडलं तर? अधूनमधून ते कडाडतं. मिस्त्री म्हणतात, ऊंची लकडी है, बोलती है. मिस्त्री आजच जबलपूरला गेले.

२२ जानेवारी
रोज बसण्याचा सराव. पाठ ताठ, हात मांडीवर. मंगरूला साहेब म्हणून समोर बसवला. बसेचना. मालक, मी खालीच बरा हावो, हेच पालुपद. धमकावलं तेव्हा बसला. तो बसताच मी उठून उभा राहिलो. सवय. सराव वाढवणे.

११ फेब्रुवारी
साहेबांचा जमादार कॅम्पची जागा पाहायला आला. तोडलेल्या झाडांच्या चार खुंटांभोवती फिरला. घोडे कुठे बांधू, कचेरी कुठे मांडू, विचारतो. घर दाखवलं, टेबल दाखवलं. तो म्हणाला, साब को पेड मंगता, मेज नहीं. आणि दुलीचंदच्या आमराईकडे गेला.
धुरपता चुलीकडे वळली. तिने बोलायला हवं होतं.
हरकत नाही. झोपतील तिकडे, जेवतील इकडे. आमंत्रण पाठवलं.

१६ फेब्रुवारी
उत्तर आलं! दुलीचंदच्या दोन बैलगाड्या घेऊन. जेवायला येणं जमणार नाही, पण कॅम्पसाठी टेबल-खुर्च्या मिळाल्या तर साहेबांना आनंद होईल. स्वतःच्या हाताने पुसून चढवलं. सरकारने आपल्याकडे काही मागावं, हा मान लहान नाही. उद्या नवा फेटा.

१७ फेब्रुवारी
आमराईत गेलो. माझं टेबल मधोमध. एका खुर्चीवर साहेब, एकीवर मेमसाहेब. मग तहसीलदार, डॉक्टर, जंगलखात्याचे रेंजर. सहावीवर दुलीचंद. आमराई त्याची ना. मला म्हणतो, या न मनिरामजी, काऊन दूर उभे?
साहेब खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत होते. माझी त्यांना चांगली ओळख. त्यांनी विचारलं, तळ्यावरची ती सुंदर झाडं कुठे गेली?
मी बोट दाखवलं. साहेब त्यांच्यावरच बसले होते.
ते उठले, खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा बसले. मला बसा म्हणायचं गडबडीत राहून गेलं असावं.

२० फेब्रुवारी
मेमसाहेबांना सेट फार आवडला. टूर संपेपर्यंत कॅम्पबरोबर फिरेल. घरात बसायला काही नाही. मंगरूकडून एक खाट मागून आणली. दोन दिवसांत परत द्या म्हणाला.
तळ्यावर शिसवाची चार रोपं लावली. बोटभर आहेत. धुरपताने विचारलं, यायची सावली कवा पडन?
म्हटलं, पुढच्या टूरपर्यंत.