आईच्या वाट्याचं कोडं

गोखिवरे

प्रिय उन्नती,

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, खरं सांग, आप्पांना आता काही समजतं का गं?" आणि मी म्हटलं, लिहून कळवते. तुला नवल वाटलं असेल, आजकाल पत्र कोण लिहितं! पण फोनवर तू मधेच रडतेस आणि मग तुझी समजूत काढण्यातच माझी सकाळ जाते. कागदासमोर तुला गप्प बसावं लागेल. बंगळुरूजवळच्या त्या केंद्रात तू आप्पांचं नाव घातलंयस. तिथे भान हरपलेली म्हातारी माणसं दिवसभर ओळीनं खुर्च्यांवर बसलेली असतात, कुणी कुणाशी बोलत नाही, हे तूच सांगितलंस. आणि वर म्हणालीस, समजतच नसेल तर त्यांना कुठे काय फरक पडतोय? म्हणजे सगळं माझ्या उत्तरावर येऊन अडलंय. देते, जरा दमानं घे.

इथलं म्हणशील तर बरं चाललंय. आप्पांची उजवी बाजू तशीच लुळी आहे, वाचा तशीच गेलेली. डावा हात चालतो. कॅरल म्हणून एक मुलगी पापडीहून येते, ती बोलण्याचे व्यायाम घेते. तिनंच बाराखडीचा मोठा तक्ता आणून दिला. आप्पांनी बोटानं अक्षर दाखवायचं, आपण ते जोडून शब्द वाचायचा. आप्पा शब्दकोड्यातले दर्दी, हे मी सांगितल्यावर तर ती एकदम खूश झाली. म्हणाली, "मग रोज सकाळी पेपरातलं कोडं घ्या ना अंकलसोबत! यासारखं औषध नाही." तर गेले काही महिने मी हे औषध अगदी नेमानं देतेय.

आपल्या पेपरात ते चकव्याचं कोडं अजून येतं. सूचना एक सांगते आणि उत्तर भलतीकडेच दडलेलं असतं, तेच. तू आणि आप्पा त्यावर कसे तुटून पडायचात! तू पेन्सिल घेऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसायचीस, मी डबे भरायचे. आणि आई ओट्याशी असली की आप्पा त्यातली एक सूचना बाजूला काढायचे. "मनोरमाबाई, ही तुमच्या वाट्याची." मग मोठ्यानं वाचायचे, पाहुणे असले तर जास्तच मोठ्यानं. आई हात पुसत यायची, पदर सारखा करायची, विचार करायची. ती विचार करत असताना आप्पा आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. मग ती घाबरून माहेरच्या बोलीत काहीतरी पुटपुटायची, की झालं! त्या बोलीची नक्कल, हशा, आणि "बरं, जा, चहा उतू जाईल." हसणाऱ्यांत तुझा आवाज सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत वर असायचा. आपल्या घरात नाश्त्याला हे रोज असायचं, जसं दुसऱ्यांकडे लोणचं असतं.

तो शिऱ्याचा रविवार तुला आठवतो का? आठवत नसेल, म्हणून सांगते. सूचना होती, 'खमंग भाजलेलं उलटवलं, की घाव बसतो', अक्षरं दोन. आप्पा कितीतरी वेळ 'खमंग'चीच अक्षरं फिरवत बसले होते, तूही. आई रवा भाजत होती. तिच्या वाट्याची म्हणून कुणी दिलीही नव्हती, ती मागे न बघता आपणहून म्हणाली, "रवा उलटा केला की वार होतो. वार म्हणजे घावच ना?" अख्ख्या संसारात ती एवढं ठाम पहिल्यांदा बोलली असेल. आप्पांनी मान वर केली. त्यांना पटलं होतं, मी त्यांचा चेहरा बघत होते. पण ते म्हणाले, "शब्दकोड्यात स्वयंपाकघर आणू नये. चूक." आणि ती दोन घरं त्यांनी तशीच कोरी ठेवली. अडलेलं कोडं अर्धं टाकून उठले, पण आईचा शब्द लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरं तपासायचं काम तुझं. मी तुझ्या खांद्यावरून वाचलं: वार. आई आतून म्हणाली, "काय गं आलं कालचं?" तू आप्पांकडे बघितलंस. त्यांनी नुसती मान हलवली आणि तू म्हणालीस, "काही नाही गं, दुसरंच होतं." मी नंतर आईला खरं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही. म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच. आप्पांचं चुकेल कसं?" त्यानंतर कुठल्याच कोड्याला ती ओट्यापासून हलली नाही. पाहुणे म्हणायचे, बाई फार मितभाषी आहेत. तशीच गेली.

आता माझं औषध ऐक. मी आदल्या दिवशीचा पेपर घेते, म्हणजे उत्तरं माझ्या हाताशी असतात. सूचना सावकाश वाचते. सुरुवातीला आप्पांचं बोट तक्त्यावर हळूहळू फिरायचं, पण जिथे जायला हवं तिथेच जाऊन थांबायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी असं अवघड उत्तर काढलं की मला अभिमान वाटावा. ते माझ्याकडे बघायला लागले, लहान मुलं बघतात तसे. आणि मी म्हटलं, "नाही हो आप्पा, चुकलं."

उन्नती, त्यांचा तो चेहरा बघून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग मी रोजच म्हणायला लागले. कधी आवाज चढवला नाही, उलट पाठीवरून हात फिरवायचे. "असू द्या, आता नाही जमायचं." समोरची ग्लोरिया म्हणते, अशी लेक मिळायला नशीब लागतं. आधी ते पुन्हा पुन्हा तेच अक्षर ठोकून दाखवायचे, चिडायचे. मग शंका यायला लागली. मग बोट अर्ध्यातून परत यायला लागलं. हल्ली ते बोट उचलतच नाहीत, तक्ता समोर धरला की डोळे मिटून घेतात. कॅरल बिचारी स्वतःलाच दोष देते. तिनं डॉक्टरांना सांगितलं, शब्द निसटत चाललेत यांचे, आणि डॉक्टरांनी तुला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आप्पांना सगळं समजतं. पहिल्या दिवशी समजत होतं तेवढंच आजही समजतं. मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर तू त्यांना तिथे नेऊन सोडलं असतंस आणि सुखानं झोपली असतीस. ते सुख मी तुला द्यायचं नाही ठरवलंय. माझ्याकडे त्यांना ठेवायची तुझी आता छाती होणार नाही, आणि स्वतःच्या घरी तू त्यांना नेणार नाहीस, ते तू केव्हाच सांगून मोकळी झालीयस. तेव्हा गाडी ठरल्याप्रमाणे शनिवारीच पाठव. कपडे भरून ठेवलेत. ते कुठे जाणार आहेत, तिथे कसे बसवून ठेवतात, आणि हे तू ठरवलंयस, असं मी आज सकाळी त्यांच्याजवळ बसून नीट सांगितलं. त्यांना समजलं.

तुझीच,
क्षितिजाताई