अंगणातले दोन खुंटे

प्रिय वाळवी,

माझ्या सगळ्या पेन्सिली कुरतडायचीस म्हणून ठेवलेलं हे नाव अजून चालेल ना? चार वर्षांनी बाबांचं पत्र आलंय म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार, असं तुला वाटेल. वाटू दे. शेवटी लेक माझीच.

बागेचे झोपाळे करताना आपलं बिनसलं. मुलांचे हात लागणाऱ्या लाकडाला माझं विषारी औषध नको म्हणून तू काजूच्या टरफलांचं तेल आणि सालींचा काढा मिसळून आणलास. ओलं असताना हाताला फोड येतात, वाळलं की काही होत नाही, हेही सांगितलंस. लाकूड टिकवायचंय, त्याला फोडणी द्यायची नाही, असं मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो आणि तुझा डबा ओतून दिला. तू एकाच फळीचे दोन खुंटे काढून अंगणात पुरलेस. एकाला माझं काळं औषध, दुसऱ्याला तुझं तेल. चार वर्षं तुझा टिकला तर मी स्वतः तुला न्यायला येईन, असं तावातावात बोलून गेलो. तू त्यावर बॅगच उचललीस.

दर महिन्याला मी पटाशीचं टोक खुपसून बघायचो. तिसऱ्या वर्षी माझा खुंटा मऊ पडला, तुझा मात्र खणखणीत. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी दुकानात गेलो की तू भिंतीवरून येऊन तेलाचा हात मारून जात असणार! मग मी फाटकाला दोरा बांधला, खुंट्याभोवती लाकडाचा भुसा पसरला. दोरा शाबूत राहिला. भुशात तुझ्या आईच्या चपला उमटल्या. त्याच आठवड्यात तिच्या बोटांच्या बेचक्यांत फोड आले होते. वाफ लागली म्हणाली. बेचक्यांत वाफ लागते होय? चार वर्षांपूर्वी मी ओतून दिला त्याच्या जोडीचा एक डबा तिने कोठीत दडवला होता, आणि मला इतके दिवस पत्ता नाही.

तिला चोर म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्याआधीच्या वर्षी मीच तुझा खुंटा उपटून गळक्या नळाखाली, वाळवीच्या वारुळाला लागून रोवला होता. तिने ते खिडकीतून पाहिलं असणार. म्हणूनच डबा आणि ब्रश काढला.

परवा दोन्ही खुंटे उपटले. माझा मातीतच तुटला. तुझ्या खुंट्याचा वरचा भाग मी हिशेबात धरलाच नाही, तो तुझ्या आईच्या हातचा. मातीखाली तिचा ब्रश पोचला नव्हता, तिथे तुझा चार वर्षांपूर्वीचा एकच हात. तिथे करवत चालवली. आत लाकूड कोरं, घट्ट, एक भोक नाही. लाज वाटली, आणि तुझा अभिमानही वाटला.

रविवारी तो तुकडा घेऊन तुझ्याकडे येतोय, तुला न्यायला. झोपाळे पुन्हा करायचेत, माझे सडले. हे पत्र आधी पाठवलं ते एवढ्यासाठीच, की मला दारात बघून तू दार लावून घेशील अशी शंका आहे. काय करणार, खोड जात नाही.

तुझाच,
संशयी बाबा